न झालेल्या आजाराचा क्लेम

माझा मेडिक्लेम नामंजूर झाला. कारण असं की, ही शस्त्रक्रिया कुठल्याही आजारावरचा उपचार म्हणून केलेली नाही. खरंच आहे की. मला आजार नव्हताच. गेली १९ वर्षं मी सांगलीत विम्याची एजन्सी करते. "काही व्हायच्या आधी विचार करा" हे वाक्य मी किती ओट्यांवर बसून बोलले असेन, त्याचा हिशेब नाही. आणि व्हायच्या आधी विचार केला म्हणून माझ्याच खिशातून दीड लाख गेले. पत्र वाचलं, घडी घातली आणि चहा टाकला.

मार्चमध्ये मी दोन्ही ओव्हरी, म्हणजे अंडाशय, आणि दोन्ही ट्यूब, म्हणजे गर्भनलिका, काढून घेतल्या. वय ४१.

सुरुवात आक्कापासून. आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, साडी कमरेला घट्ट व्हायला लागली. वर्षभर गॅसच्या गोळ्या खाल्ल्या. पोटात पाणी झालं तेव्हा कळलं, ओव्हरीचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ५४व्या वर्षी गेली. पुढे तिच्या मुलीला ३८व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. तिच्या डॉक्टरांनी आईची हकिगत ऐकली आणि जनुकाच्या तपासणीला रक्त पाठवलं. बीआरसीए-१ मध्ये दोष. या जनुकात बिघाड असला की स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरची जोखीम वाढते. तिनं केमोच्या खुर्चीतूनच मला फोन केला, "ताई, हे माझ्यापुरतं नाही. मामालाही तपासायला सांग."

आजवर प्रत्येक दवाखान्यात मला एकच प्रश्न विचारला होता, "आईकडे कुणाला कॅन्सर?" मी "नाही" म्हणायचे आणि पुढचा प्रश्न यायचा. वडिलांकडचं कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. अण्णा ७३ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांच्यात सापडला, मग माझ्यात. माझा रिपोर्ट आला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माझ्याकडनंच आलं व्हय." मी म्हटलं, "अण्णा, हे नाकपण तुमच्याकडनंच आलंय." ते हसले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी पारावरही गेले नाहीत.

आता आकडा. बीआरसीए-१ चा दोष असलेल्या १०० बायकांपैकी साधारण ४४ जणींना ऐंशीपर्यंत ओव्हरीचा कॅन्सर होतो. त्याच्यासारख्याच दुसऱ्या जनुकात, बीआरसीए-२ मध्ये, दोष असेल तर १७. एरवी शंभरात जेमतेम एखादी. एवढी जोखीम असलेलं प्रपोजल मी वर पाठवलं असतं, तर ऑफिसातून फोन आला असता, "मॅडम, बरं आहे ना सगळं?"

मी आधी पळवाट शोधली. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ची, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी करत राहते, म्हटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ब्रिटनमध्ये २ लाख सर्वसाधारण बायकांवर अशाच तपासण्या करून पाहिल्यात. २०२१ मध्ये निकाल आला, अशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. सोनोग्राफीत दिसेपर्यंत तो बहुतेकदा पसरलेला असतो. शिवाय या जातीचा कॅन्सर पुष्कळदा ओव्हरीत नव्हे, तर ट्यूबच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो, अगदी मोजक्या पेशींत. म्हणून ट्यूबही काढायच्या. बीआरसीए-१ वालीनं ३५ ते ४० च्या दरम्यान, मुलंबाळं झाल्यावर हे करून घ्यावं असं सांगतात. माझा धाकटा नववीत आहे.

खरी अडचण आईची. "चांगलं चाललेलं कशाला काढायचं? बीडच्या बायकांचं वाचलं नाहीस का?" वाचलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये सगळ्या पेपरांत आलं होतं. त्यातल्या कितीतरी जणींना अंगावरून पांढरं जातं एवढ्यावरून कॅन्सरची भीती घातलेली. आईचा संशय मला आजही वेडेपणा वाटत नाही. मी तिच्यासमोर माझा रिपोर्ट ठेवला, आक्काची जुनी फाइल ठेवली. ती बराच वेळ आक्काचीच फाइल चाळत बसली. मग म्हणाली, "सोबत मी येणार."

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. दुर्बिणीतून, तीन छोटी छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी. गर्भपिशवी जागेवरच आहे, पण गल्लीत "हिची पिशवी काढली" असंच झालंय. दोघी-तिघींना समजावलं, मग सोडून दिलं.

त्यापेक्षा नंतरचे नऊ दिवस वाईट. काढलेल्या ट्यूबचं टोक पॅथॉलॉजीत दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून तपासतात, कारण एखादीच्या आत कॅन्सर आधीच येऊन बसलेला सापडतो. ही गोष्ट मला संमतीपत्रावर सही करताना कळली. नऊ दिवस मी कुणाला फोन केला नाही, एकही हप्ता गोळा केला नाही. रिपोर्ट स्वच्छ आला. पोटाच्या अस्तरात थोडी जोखीम उरतेच, तेही मला सांगितलंय. आणि स्तनांचं दरवर्षी एमआरआय आहेच.

मेनोपॉज मात्र हळूहळू येत नाही, बटण दाबल्यासारखा येतो. विश्रामबागेत एका नव्या जोडप्याला टर्म प्लॅन समजावत होते. डोक्यावर पंखा, अंगात एकदम भट्टी, घामानं ब्रोशर ओलं झालं. ती मुलगी म्हणाली, "काकू, बीपीची गोळी घेता का?" आता हार्मोनची औषधं चालू आहेत, हाडांसाठी कॅल्शियमही. पॉलिसी त्यांनी घेतली, बहुतेक दयेपोटी.

माझा धाकटा भाऊ वर्षभर टाळत होता. "मला काय ओव्हरी आहेत?" म्हणायचा. त्याला दोन मुली आहेत, १४ आणि ११. गेल्या मंगळवारी अण्णा त्याला स्कूटरवर मागे बसवून लॅबमध्ये घेऊन गेले. रिपोर्टला तीन आठवडे लागतील.