दोन ध्वज की एक?
आज सुट्टी, त्यामुळे सकाळपासून भिंग घेऊन चौथ्या शतकातली रोमन ब्राँझची नाणी ओळखत बसलोय, आपल्या जुन्या पंचवीस पैशापेक्षाही जरा लहानच. राजाचं नाव बहुतेक वेळा झिजलेलंच असतं मग मागची बाजू आधी बघायची, दोन सैनिक आणि मधे दोन ध्वज असले तर साधारण ३३० ते ३३५, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा काळ, एकच ध्वज असला तर त्यानंतरचं, तेव्हा नाणं अजून हलकं केलं होतं.
पण खरी मजा सैनिकांच्या पायाखाली, तिथे टांकसाळीची अक्षरं असतात. एकावर तिरप्या उजेडात एस एम ए एन दिसलं, पुढे अर्धा टी, म्हणजे अँटिओक, आजच्या तुर्कस्तानातल्या जुन्या शहराची टांकसाळ!! काय भारी वाटलं यार. आता मागे घोड्यावरून पडणारा स्वार असलेली नाणी राहिलीत, ती ३४८ नंतरची, जेवून बसतो.