भिंत सोडून उभा राहिलेला शॉवर

बाथरूम फोडायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे तयारी म्हणून एक फोटो होता, बस्स. जमिनीतून सरळ वर आलेला शॉवरचा खांब, शेजारी काचेचं एकच तावदान, बाकी सगळं मोकळं. आमचं बाथरूम चांगलं ११ बाय ८ फूट, वर छताला झरोका. "बरोबर झरोक्याखाली उभा करायचा," मी प्लंबरकाकांना सांगितलं. त्यांनी फोटो पाहिला, मोबाइल परत माझ्या हातात दिला आणि विचारलं, "ताई, यातलं पाणी जातं कुठं?"

त्या प्रश्नाने माझे पुढचे दोन आठवडे खाल्ले.

भिंतीवरच्या शॉवरला पाणी भिंतीतून येतं. चुकलं तर भिंत फोडून दुरुस्त करता येतं. भिंत सोडली की गरम-गार दोन्ही लाइनी फरशीखालून येतात आणि सांडपाणीही फरशीखालूनच जातं. म्हणजे आपण जे दुकानात जाऊन निवडत बसतो, तो खांब, ती काच, तो चकचकीत नळ, ते सगळं शेवटी. आधी जमिनीखाली जागा किती आहे ते बघायचं.

जुनी फरशी आणि कोबा काढल्यावर मोजलं. तयार फरशीपासून खाली स्लॅबपर्यंत १६० मिमी मिळत होते. काकांनी कोळशाने भिंतीवरच गणित मांडलं. कमी उंचीचा ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखाली बसणारं वाकडं भांडं, घेतला तरी जाळीपासून बाहेरच्या पाइपच्या तळापर्यंत ८५ मिमी. (ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी साठून राहिलंच पाहिजे. गटाराचा वास तेच अडवतं, त्यामुळे तिथे काटकसर नाही.) झरोक्याखालून वळणं घेत बाहेरच्या उभ्या पाइपपर्यंत अंतर पावणेतीन मीटर. पाइपला चाळीसास एक असा ढाळ, म्हणजे जवळपास ७० मिमी. त्यावर फरशीचा स्वतःचा ढाळ २० मिमी. बेरीज १७५. पंधरा मिलिमीटरसाठी माझा झरोका गेला.

एक वाट होती: सगळी फरशी वर उचलायची आणि दाराशी पायरी द्यायची. आई वॉकर घेऊन चालते. पायरीचा विषय तिथेच संपला. उलट दाराचा जुना उंबराही काढायला लावला.

मग शॉवर सरकवत सरकवत जाळी अशा जागी आणली की पाइपचं अंतर १.२ मीटर राहिलं. ढाळाला ३० मिमी, एकूण १३५. बसलं. खांब तरीही भिंतीपासून अडीच फूट मोकळा होता, त्यामुळे माझा हट्टही राहिला आणि काकांचा ढाळही.

आता जागा कशी वाटते ते बघायचं होतं. कागदावर ९० बाय ९० सेंमी भरपूर वाटतं. मी खडूने फरशीवर, म्हणजे उघड्या स्लॅबवर, चौकोन काढला, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा काचेच्या जागी उभा धरायला भावाला सांगितलं, आणि कपड्यांनिशी आंघोळीचं नाटक केलं. डोक्याला शाम्पू लावताना कोपर पुठ्ठ्यावर. वाकून पाय घासताना पाठ खांबावर. भाऊ हसून हसून पुठ्ठा सोडत होता, पण त्या दहा मिनिटांत चौकोन १२० बाय १०० झाला. आईसाठी बसायचा स्टूल ठेवून पुन्हा नाटक केलं, तेव्हा कळलं की काच आत यायच्या वाटेवर येत होती. ती दुसऱ्या बाजूला गेली.

याच नाटकात सगळ्यात कामाची चूक सापडली. फोटोतल्या खांबावर नळ शॉवरच्या बरोबर खाली, समोर. म्हणजे नळ उघडायला शॉवरखाली उभं राहायचं आणि पाइपातलं उरलेलं गार पाणी आधी अंगावर घ्यायचं. भिंत असती तर नळ दाराजवळ घेता आला असता. खांबात नळ खांबालाच. उपाय अगदी साधा निघाला: बसवताना खांबाचा नळ असलेला भाग ९० अंशात फिरवायचा, म्हणजे नळ आत येणाऱ्याच्या हाताशी येतो. आमचा खांब तसा फिरत होता. सगळेच फिरत नाहीत, तेव्हा घेण्याआधी हातात धरून बघा. नळाची उंची आम्ही १.१ मीटर ठेवली, स्टुलावर बसूनही हात पोचतो.

दाबाचं गणित मात्र मीच केलं आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा १० मीटर उंचावर असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. मला हवा होता १२ इंची रेन शॉवर. ८ इंचीच्या तुलनेत त्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, तेवढंच पाणी तेवढ्या जास्त भोकांतून पडणार. बादली लावून घड्याळ धरलं तर मिनिटाला साडेसात लिटर. १२ इंचीतून नुसती ठिबक आली असती. पंप बसवायचा नव्हता, आवाजाचा वैताग नको म्हणून. ८ इंची घेतला. तोही सरळ खाली पाणी सोडणारा, कारण तिरकी फवारणी करणारा शॉवर मोकळ्या जागेत ठेवला तर सगळं बाथरूम न्हाऊन निघतं.

गरम-गार लाइनी घालताना काकांनी फरशीखाली एकही जोड ठेवला नाही, आख्खे पाइप वळवून आणले. झाकण्याआधी दाब देऊन रात्रभर ठेवले. मी मोजपट्टी पाइपशेजारी ठेवून फोटो काढले. ते फोटो आजही जपून ठेवलेत. उद्या कुणी फरशीत भोक पाडायला निघालं तर दाखवायला लागतील.

वॉटरप्रूफिंग झालं. जाळीला बूच मारून पाणी भरलं, पातळीवर भिंतीला पेन्सिलची रेघ ओढली. सकाळी पाणी रेघेखाली करंगळीच्या पेराएवढं उतरलेलं. एवढं पाणी एका रात्रीत वाळत नाही. भिंतीचे कोपरे कोरडे, जाळीचं बूच घट्ट. शेवटी खांबाच्या पायाशी सापडलं: पाइप जिथे थरातून वर येतो तिथे थर पाइपला नुसता चिकटवला होता, पाइपभोवती घट्ट बसणारी कॉलर घातलीच नव्हती. भिंतीवरच्या शॉवरला हे भोक फरशीत नसतंच, म्हणून गवंड्याच्या हाताला त्याची सवय नव्हती. पाणी काढून, वाळवून, कॉलर घालून पुन्हा दोन हात मारले. या वेळी ४८ तास पाणी ठेवलं. रेघ आणि पाणी एकमेकांना सोडेनात. खालच्या खोलीच्या छताकडे मी त्या दोन दिवसांत किती वेळा बघितलं ते विचारू नका.

टाइल्सबद्दल थोडक्यात. चारी बाजूंनी मधल्या जाळीकडे ढाळ हवा असेल तर मोठी टाइल चालत नाही, ती तिरपी कापावी लागते किंवा डुगडुगते. शॉवरपुरत्या ५० मिमीच्या छोट्या खरखरीत टाइल्स लावल्या, सांध्यात इपॉक्सी भरलं. दिवा पाण्यापासून सुरक्षित, वीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर. एवढं पुरे.

काच सगळ्यात शेवटी मोजली, टाइल्स लागून सांधे वाळल्यावर. काचवाला आधीच माप घ्यायला आला होता, त्याला परत पाठवलं. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. आणि टाइल लागल्यावर भिंत कुठे येईल हे गवंडीसुद्धा आधी सांगू शकत नाही. आमची भिंत वरपेक्षा खाली ६ मिमी पुढे निघाली. १० मिमी जाडीची काच, १.२ बाय २.१ मीटर, म्हणजे ६३ किलो. चौघांनी जिन्यावरून आणली. मी जिन्याकडे बघितलंच नाही.

पहिल्या दिवशी नळ उघडायच्या आधी आईने एक गोटी मागितली. दाराशी बसून तिने ती काचेच्या कडेला सोडली. गोटी थोडी रेंगाळली, मग वळली आणि जाळीवर जाऊन टक् करून थांबली. तिने आणखी तीन कोपऱ्यांतून सोडून बघितली. चौथ्या कोपऱ्यातून ती सुटली ती खांबाच्या पायाला आपटून तिथेच बसली. तिथे अजूनही आंघोळीनंतर चहाच्या बशीएवढं पाणी साठतं. मी वायपरने ओढून टाकते.