राक्षसाची पाठ

(माजी विद्यार्थिनी, दहावी २०१० ची तुकडी)

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांत डॉक्टर आहेत, तलाठी आहेत, मर्चंट नेव्हीवाले आहेत. मी राक्षस काढते. राक्षस, चेटकिणी, डोहाचे राखणदार. मोबाईलवरचे खेळ आणि मुलांची पुस्तकं यांच्यासाठी कुठेच नसलेली पात्रं घडवायची. ती दिसतील कशी, चालतील कशी, भिजल्यावर त्यांचे केस कसे होतील हे ठरवायचं. या धंद्यात मी अजून उमेदवारच आहे. कोणी विचारलं की आई "कॉम्प्युटरार काम करता" एवढंच सांगते, आणि लग्नाच्या मांडवात तेवढं पुरतं.

कुठे शिकलीस असं विचारलं की कला महाविद्यालयाचं नाव सांगावं लागतं. पण सुरुवात झाली ती आपल्या चित्रकलेच्या तासाला. सर एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी मनापासून करून घ्यायचे. स्थिरचित्राला तोच तांब्या, तीच दोन वांगी. स्मरणचित्राला मात्र सरांना रंग चढायचा. वर्गातल्या एकाने एकदा पंखवाला वाघ काढला. आम्ही सगळे बघतच राहिलो. सरांनी कागद हातात धरून विचारलं, "बरो काढलंस. पण ह्यो उडतलो कसो?" मग वर्गाकडे वळून, "कोंबयेचा मटाण सगळ्यात जास्त खंय आसता?"

"छातीत!" सगळे एका सुरात. या विषयात कोणी कच्चं नव्हतं.

"कित्याक? पंख हलवक. मग ह्या वाघाक छाती खंय आसा?"

आणि खरंच आम्हाला शाळेमागच्या परड्यात कोंबडी बघायला नेलं. तिचा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. कुत्र्याच्या आणि बैलाच्या मागच्या पायाचंही तसंच. आज माझ्या ड्रॅगनचे पाय कोणी वाखाणले की त्यातला मोठा वाटा त्या कोंबडीचा असतो.

दुसरी शाळा जत्रेतली. माझे एक मामा दशावतारी नाटक कंपनीत राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, करायचे, त्यामुळे पडद्यामागे बसायची मुभा होती. तिथे रंग लावायला वेगळं माणूस नसतं. जो तो आपापल्या पेटाऱ्यासमोर बसून, छोट्या आरशात बघत स्वतःचा चेहरा रंगवतो. लिहिलेली संहिताही नसते. कथानक ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे सुचतात. मामा उठून उभे राहिले की समोरून मुकुट, खांद्यांवरच्या भुजकीर्ती, सगळा झगमगाट. मागून मात्र पुठ्ठा, नाडे, एक सेफ्टी पिन आणि घामाने चिकटलेला गंजी. त्यात चूक काहीच नाही. प्रेक्षक समोर बसतात, मुकुटाच्या पाठीवर कोण कशाला खर्च करील?

माझ्या कामात हिशोब उलटा असतो. एक पात्र ठरलं की त्याचा टर्नअराउंड काढावा लागतो, म्हणजे समोरून, तिरकं, बाजूने आणि पाठीमागून, सगळं एकाच उंचीच्या रेघांवर. डोळ्यांची रेघ, कोपराची रेघ, गुडघ्याची रेघ जुळली नाही तर थ्रीडी मॉडेल करणारा माणूस वैतागून फोन करतो. शिवाय कितीतरी खेळांत कॅमेरा पात्राच्या मागून चालतो. खेळणारा पोरगा तासन् तास बघतो ती पात्राची पाठच, चेहरा अधूनमधून. म्हणून मी आता पाठीपासूनच सुरुवात करते.

सावंतवाडीच्या राजवाड्यात शाळेची सहल गेली होती ती पुष्कळांना वडापावामुळे आठवत असेल. मला गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, आठवतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०. तळहातावर मावणारं गोल पान, तरी मत्स्य कुठला आणि वराह कुठला हे लगेच कळतं. मोबाईलच्या पडद्यावर पात्र नखाएवढं होतं तेव्हा हीच परीक्षा असते. मी पात्र नुसतं काळं भरून बारीक करून बघते. ओळखू आलं तर पुढे रंग.

पण पात्ररचना म्हणजे काय हे मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते आरवलीच्या वेतोबाच्या देवळात. भाविक तिथे चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, ही श्रद्धा. काम कोणतं, वेळ कोणती, वाट कसली, सगळं त्या झिजलेल्या तळव्यात आलं. हल्ली नव्या मुलांचे पोर्टफोलिओ बघायला मिळतात. तलवारी इतक्या चकचकीत की त्यांनी कधी सुपारीसुद्धा कातरली नसावी. पाठीवर पंख, कपाळावर शिंग, डोळ्यांत निळा उजेड, आणि हा प्राणी दिवसभर करतो काय, तर त्याचं उत्तर नाही.

सध्या मी एका म्हातारीवर काम करते आहे. ती कुणग्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, राहते, एका कुणग्याचं पाणी दुसऱ्यात सोडणं हे तिचं काम. तिचं इरलं, म्हणजे पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं बांबू-पानांचं आच्छादन, तिच्या पाठीलाच उगवलेलं आहे, किड्याच्या कवचासारखं. पाणी सोडताना ती उजवीकडे वाकून मेरेला, म्हणजे बांधाला, टेकते, म्हणून इरल्याची उजवी कड झडलेली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाच्या रंगाचे, तो रंग आता धुऊन जात नाही. एका ग्राहकाने सुचवलं, हिला तरुण करा आणि हातात त्रिशूळ द्या. मी ती म्हातारी घरी परत आणली. आता तिचं पुस्तक मीच करणार आहे.

अडलंय ते एका ठिकाणी. बाहेरून इरलं काढता येतं, पण ते आतून कसं बांधलेलं असतं, बांबूच्या कामट्या माथ्यावर कशा एकत्र येतात, पानं कशी दाबून बसवतात, हे जवळून बघायला हवं. फोटोंत आतली बाजू सापडत नाही आणि शेतात आता सगळीकडे प्लास्टिकची खोळ. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर, मांगरात जुनं इरलं पडून असेल, मोडकं असलं तरी चालेल, तर शाळेच्या ऑफिसात निरोप ठेवा. शाळेच्या महोत्सवाला मी येणारच आहे, तेव्हा वही घेऊन तुमच्या घरी येईन.