जीनोमआधी कृमी धुवायला शिकलो

रोमानोमर्मिस क्युलिसिव्होरॅक्स. या कृमीचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, मला वाचायचा होता. नाव नीट म्हणता येईपर्यंत वाटत होतं, खरी कसरत कॉम्प्युटरवर होणार. जीव मेटाकुटीला आला तो कृमी गोळा करताना.

हा सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा कृमी, डासांच्या अळ्यांवर पोसला जातो. अंडी ओल्या वाळूत असतात. वरून पाणी ओतलं की पिल्लं बाहेर येतात, पोहत अळी गाठतात आणि तिची कातडी भेदून आत शिरतात. नळाचं पाणी चालत नाही, क्लोरीन उडून जाऊ द्यावा लागतो. हे मला एक अख्खी बॅच वाया घालवल्यावर कळलं.

पुढची चूक हावरटपणाची. जास्त डीएनए मिळेल म्हणून मी थोड्याच अळ्यांवर भरमसाट पिल्लं सोडली. एका अळीत गर्दी झाली, अन्न कमी पडलं की या कृमीची पिल्लं नर होतात. हाती आले ते बारीक नर. मोठ्या माद्या हव्या असतील तर प्रत्येक अळीमागे मोजकीच पिल्लं!

तिसरी घाई सगळ्यात महागात पडली. कृमी साधारण आठवडाभर आत वाढतो, मग कातडी फाडून बाहेर पडतो आणि अळी मरते. मला तेवढा धीर नव्हता. अळ्या चिरून कृमी काढले, सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचायला, पाठवले, आणि असेंब्लीत, म्हणजे वाचलेले तुकडे जोडून बनवलेल्या जीनोममध्ये, डासाच्या तुकड्यांची रास. पुढच्या खेपेला ते आपणहून बाहेर येईपर्यंत थांबलो. बाहेर आल्यावर हा कृमी खातच नाही, साठवणीवर जगतो, त्यामुळे निवांत धुता आले. तरी थोडी भेसळ उरलीच. जीसीचं प्रमाण (डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि सी किती) आणि कव्हरेज (तो तुकडा किती वेळा वाचला गेला) यांचा आलेख काढल्यावर बॅक्टेरियाचे तुकडे वेगळे पडलेले दिसले.

प्रयोगशाळांतला नेहमीचा सूत्रकृमी सी. एलिगन्स, त्याचा जीनोम सुमारे 10 कोटी बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, याचा त्याच्या अडीच पटींहून मोठा, शिवाय पुनरावृत्तींनी भरलेला. आखूड रीड्स, म्हणजे वाचून मिळालेले छोटे तुकडे, अशा जागी अडकतात. त्यात अनेक कृमींचा डीएनए एकत्र केलेला, म्हणजे एकाच जागेच्या दोन-दोन आवृत्त्या. त्या छाटण्यात कितीतरी दिवस गेले.

शेवटी जनुकं जुळवायला बसलो. माशीत आणि माणसात असलेली, पण सी. एलिगन्सने गमावलेली काही जनुकं इथे सापडली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या याच्या जीनोममध्येही असंच दिसलं होतं. तरी पहिलं जनुक स्क्रीनवर आलं तेव्हा मी आधी तपासलं, हा तुकडा डासाचा तर नाही ना?

नव्हता.