सॉल्ट लेक ते प्रोव्हो: मॉर्मन पुढाऱ्यांचे कागद पाहायला जाताना

ब्रिगहॅम यंग मॉर्मन चर्चचे (अमेरिकेत सुरू झालेला एक धर्मपंथ) अध्यक्ष आणि युटा टेरिटरीचे, म्हणजे राज्य होण्याआधीच्या युटाचे, पहिले गव्हर्नर. रीड स्मूट चर्चचे अपॉसल (सर्वोच्च नेतेमंडळातले एक), शिवाय 1903 ते 1933 अमेरिकेचे सिनेटर. धर्म आणि राजकारण एकाच टेबलावर, कागद मात्र विखुरलेले. यंग यांचं दप्तर सॉल्ट लेक सिटीत, चर्च हिस्टरी लायब्ररीत. स्मूट यांच्या डायऱ्या प्रोव्होला, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात.

निघण्याआधी घरी बसून ऑनलाइन कॅटलॉग चाळा. बरंच दप्तर स्कॅन झालेलं आहे आणि डिजिटल प्रत असेल तर मूळ कागद सहसा हातात देत नाहीत. तेवढ्यासाठी तिकीट काढण्यात अर्थ नाही. 'सेक्रेड', 'प्रायव्हेट', 'कॉन्फिडेन्शियल' म्हणून बंद ठेवलेले कागद तिथे जाऊनही उघडत नाहीत. उरलेल्यांचे कॉल नंबर (कॅटलॉगमधले क्रमांक) लिहून घ्या आणि आधीच ईमेल करा. सोबत फोटो ओळखपत्र आणि पेन्सिल हवी. पेन आणि बॅग लॉकरमध्ये जातात.

यंग यांची पाठवलेली पत्रं मुख्यतः नकलांच्या वह्यांत सापडतात. ताज्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून प्रेसमध्ये दाबायचे. शाई मागच्या बाजूला उलटी उमटायची आणि पुढून सुलटी वाचता यायची. कागद जास्त भिजला तिथे अक्षर फुटतं, कमी भिजला तिथे पुसट राहतं. खालच्या पानाची शाईही आरपार दिसते, म्हणून मूळ वही मिळालीच तर मागे पांढरा कोरा कागद सरकवून द्यायला सांगा. ते काम कर्मचाऱ्यांचं, आपण हात लावायचा नाही. भाषणांच्या नोंदी मात्र पिटमन लघुलिपीत आहेत. आधी लिप्यंतर झालंय का ते पाहा, नाहीतर दिवस फुकट जातो.

1980 च्या दशकात बाजारातून आलेल्या 'नव्या' पत्रांकडे संशयानेच बघावं. मार्क हॉफमन या जालसाजाने बनावट पत्रं चर्चलासुद्धा विकली होती. शाई कृत्रिमरीत्या जुनी केल्याने तिला पडलेल्या बारीक भेगा सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. कागद कुणाकडून आला, ही कॅटलॉगमधली ओळ आधी वाचायची ती याचसाठी.

आपल्याकडचा धागाही आहे: ह्यू फिंडले हे मॉर्मन प्रचारक 1852 मध्ये मुंबईत आले, पुढे पुण्यात गेले. शोधताना 'पुणे', 'मुंबई' टाकून काही लागणार नाही. 'पूना', 'बॉम्बे' अशी इंग्रजी काळातली स्पेलिंगं टाका.

प्रोव्होला फ्रंटरनर रेल्वेने साधारण तासभर लागतो. रविवारी ती धावत नाही, ग्रंथालयंही बंद. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या वीकेंडला चर्चची जनरल कॉन्फरन्स (मोठं अधिवेशन) असते, तेव्हा हॉटेलं भरलेली असतात. 24 जुलैला युटात सुट्टी.