आमची वाटचाल: याकुशिमाच्या रानात, आठ-आठ माणसं घेऊन

आमच्याकडे एकच टूर आहे, हे पहिल्यांदा फोन करणाऱ्याला पटतच नाही. जपान म्हटलं की लोकांना टोकियो, फुजी, क्योटो, बुलेट ट्रेन असं सगळं हवं असतं आणि आम्ही सांगतो की आम्ही फक्त याकुशिमाला नेतो, जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिणेला एक छोटं बेट आहे, तिथल्या जंगलात आठवडाभर चालायचं आणि पाऊस पडणार हे धरूनच चालायचं. निम्मे लोक तिथेच थँक्यू म्हणून फोन ठेवतात. उरलेल्या निम्म्यांवर आमचं पुण्यातलं दोन खुर्च्यांचं ऑफिस 2017 पासून चाललंय, मधली कोविडची अडीच वर्षं सोडली तर.

त्याआधी मी चाकणला एका कंपनीत जपानी दुभाषी होते. पुण्यात जपानी शिकलेली माणसं कमी नाहीत, त्यातलीच मी एक, आठवडाभर शॉप फ्लोअरवर जपानी इंजिनिअर आणि आपली पोरं यांच्यामध्ये उभं राहून बोलायचं आणि शनिवार-रविवार सह्याद्रीत जायचं. 2014 ला कंपनीने तीन महिन्यांसाठी क्यूशूला पाठवलं तेव्हा एका लाँग वीकेंडला एकटीच कागोशिमा बंदरातून जेटफॉइल, म्हणजे वेगवान बोट, पकडून याकुशिमाला गेले. कुणीतरी म्हणालं होतं की तिथे महिन्यात 35 दिवस पाऊस पडतो, तर म्हटलं बघूया, आपण कोकणातल्या.

बेट मुंबईपेक्षा थोडं लहान, साधारण 500 चौरस किलोमीटर, जवळजवळ गोल, आणि मधोमध डोंगरच डोंगर. मियानोउरा-दाके 1936 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच, आणि हे सगळं थेट समुद्रातून वर आलेलं. त्यामुळे खाली किनाऱ्याला जास्वंद, नाकामा गावात पारंब्यावाला वडाच्या जातीचा मोठा वृक्ष, आणि वर थंडीत बर्फ. किनाऱ्यावर वर्षाला साडेचार हजार मिलीमीटर पाऊस, डोंगरात 8 ते 10 हजार. आंबोलीवाल्यांना आकड्याचं काही वाटणार नाही पण आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, इथे तो वर्षभर येत-जात राहतो.

त्या दिवशी शिरातानी उन्सुइक्यो नावाच्या दरीतल्या जंगलात शिरले आणि साधारण अर्ध्या तासाने माझी मीच थांबले. दगड, मुळं, पडलेले ओंडके, सगळ्यावर शेवाळ, आणि त्या शेवाळात पाणी धरलेलं असतं, बोटाने अलगद दाबलं की बोटाभोवती गोल पाणी वर येतं आणि बोट काढलं की परत आत जातं. मी ते किती वेळ करत बसले होते देव जाणे. मला आईच्या गावची राई, म्हणजे देवाचं राखलेलं रान, आठवली, सिंधुदुर्गातली, जिथे लहानपणी आम्हाला चपला बाहेर काढून आत जायला लागायचं आणि मोठ्याने बोललं की आजी डोळे वटारायची. तसाच ओला वास, पानांखाली कुजणाऱ्या मातीचा.

दुसऱ्या दिवशी मी स्थानिक गाईड घेतला आणि त्याने जी गोष्ट सांगितली तिच्यामुळे हा सगळा धंदा सुरू झाला असं मी आजही म्हणते. हे जे मोठे सिडार आहेत त्यांना सुगी म्हणतात, आणि हजार वर्षांच्या वरचा असेल तरच त्याला याकुसुगी म्हणायचं, हजाराच्या आतला तो कोसुगी, म्हणजे लहान सुगी. तर पूर्वी बेटावरचे लोक या झाडांना हात लावायचे नाहीत, डोंगर देवाचा, झाडं देवाची. सतराव्या शतकात शिमाझु सरदारांच्या काळात तोड सुरू झाली, त्यात तोमारी जोचिकु नावाच्या तिथल्याच एका विद्वान भिक्षूचा सल्ला होता, कारण बेटावर भात पिकत नव्हता आणि लोक गरीब होते. लाकडाच्या छपराच्या फळ्या करायच्या आणि त्या फळ्या देऊनच कर भरायचा. पण देवाची झाडं तोडायला लोक घाबरत होते, तर म्हणे असं ठरलं की झाडाच्या बुंध्याला कुऱ्हाड टेकवून ठेवायची आणि रात्रभर तशीच सोडायची. सकाळी कुऱ्हाड उभी असेल तर देवाने परवानगी दिली, पडली असेल तर त्या झाडाला हात लावायचा नाही.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण हा कौल आहे, देवाला विचारून घेतलेला होकार-नकार! आमच्या गावात देवळाच्या दुरुस्तीला राईतलं लाकूड लागलं तर गुरव देवाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावतो आणि उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार, मिळाल्याशिवाय कुऱ्हाड उचलत नाहीत. दोन ठिकाणची माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत, भाषा वेगळी, देव वेगळे, आणि पद्धत अशी सारखी. मी गाईडला मोडक्यातोडक्या शब्दांत कौल म्हणजे काय ते सांगितलं (कारखान्याचं जपानी येत होतं, देवाचं येत नव्हतं) आणि आम्ही दोघं एका ओंडक्यावर बसून तासभर बोलत राहिलो. तोच आज आमचा मुख्य गाईड आहे.

परत आल्यावर नवऱ्याशी बोलणं, आकडेमोड, भांडण, परत आकडेमोड यात दोन वर्षं गेली. नोकरी 2016 च्या शेवटी सोडली. पहिली बॅच एप्रिल 2017, सहा माणसं, सगळी ओळखीतली.

त्या बॅचमध्ये मी मोठी चूक केली. सगळ्यात प्रसिद्ध झाड जोमोन सुगी, उंची 25 मीटरच्या वर, घेर 16.4 मीटर, वयाचे अंदाज 2170 पासून 7200 वर्षांपर्यंत, लोक जगभरातून त्यासाठी येतात. अराकावा इथे पायवाट सुरू होते तिथून जाऊन-येऊन 22 किलोमीटर, दहा तास. मी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना तिकडे नेलं, डोक्यात हिशोब असा की राजगड-तोरणा केलेली माणसं आहेत, सहज होईल. पहिले 8 किलोमीटर जुन्या लाकूडतोडीच्या रेल्वेच्या रुळांवरून सपाट, सगळे खुशीत, आणि मग शेवटचे अडीच किलोमीटर लाकडी पायऱ्या आणि ओली मुळं. उतरताना एका काकूंचा गुडघा गेला. बारा अंशांचा पाऊस, मुंबईत घेतलेला पातळ रेनकोट आतून-बाहेरून भिजलेला, काकू कुडकुडतायत आणि तरी मला म्हणतायत की तू काळजी करू नकोस गं. शेवटची बस चुकता चुकता मिळाली. रात्री गाईड शांतपणे मला म्हणाला की झाड कुठे जात नाहीये, तुम्हाला घाई कसली आहे. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर सगळं बदललं. एका बॅचला जास्तीत जास्त आठ माणसं, त्यांच्याबरोबर मी आणि दोन गाईड, म्हणजे एक गाईड हळू चालणाऱ्यांबरोबर किंवा परत फिरणाऱ्यांबरोबर राहू शकतो. पहिला दिवस शिरातानी, तोही अर्धाच, पाय आणि बूट बघायला. मग याकुसुगी लँड नावाच्या जंगलातल्या पायवाटा. मग एक दिवस काही नाही, हिराउचीला समुद्राच्या खडकांतली गरम पाण्याची कुंडं आहेत जी फक्त ओहोटीच्या वेळी दिवसातून दोनदा उघडी पडतात, तिथे पाय शेकायचे. आणि मग पाचव्या दिवशी ज्यांना जायचंय त्यांनी जोमोन सुगी. त्यातही नियम पक्का, सकाळी दहापर्यंत रूळ संपतात तिथे पोचलो नाही तर परत. पैसे भरलेल्या माणसाला परत फिरा सांगणं फार अवघड असतं, काही जण रागावलेत, एकाने तर नंतर आठवडाभर मेसेजला उत्तर दिलं नाही. मे 2019 मध्ये तिथे एकदम इतका पाऊस झाला की रस्ता दरडींनी बंद होऊन 300 च्या आसपास माणसं डोंगरात अडकली होती, तेव्हापासून मी या नियमावर अजिबात वाद घालत नाही.

रूळांचा रस्ता मला स्वतःला जोमोन सुगीपेक्षाही आवडतो, खरं सांगते. वाटेत कोसुगिदानी लागतं, तिथे लाकूडतोड्यांचं अख्खं गाव होतं, शाळा, दुकानं, न्हाणीघर, पाचशेच्यावर माणसं. 1923 ला ही रेल्वे सुरू झाली आणि 1970 ला गाव बंद झालं. आता शाळेचं पटांगण आहे, त्यात झाडं वाढलीत. आमच्या गाईडचे वडील याच रेल्वेवर कामाला होते, त्यामुळे तो तिथे पोचला की दरवेळी टोपी काढतो आणि मग आमच्या डब्यांची वाटणी सुरू होते. पुढे तीन पिढ्यांचं एक झाड आहे, पहिलं पडलं, त्याच्यावर दुसरं वाढलं, ते तोडलं, त्याच्या खोडावर तिसरं उभं आहे, खाली पहिल्याची जागा पोकळ राहिलीय तिथून आरपार दिसतं. आणि विल्सनचा बुंधा, घेर पावणेचौदा मीटर, 1586 च्या सुमाराला तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने क्योटोच्या देवळासाठी तोडला असं सांगतात, 1914 ला विल्सन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने जगाला दाखवला. आत छोटं देऊळ आहे आणि जमिनीतून पाणी झिरपतं. लोक आत उभं राहून वर बदामाच्या आकाराचं आकाश दिसतं त्याचा फोटो काढतात, काढू देत, पण मी आमच्या लोकांना आधी पाण्याचा आवाज ऐकायला लावते.

आणि हे लक्षात घ्या की जी म्हातारी झाडं आज उभी आहेत ती बरीचशी वेडीवाकडी, गाठीची, पोकळ होती म्हणून उरलीत, सरळ फळी निघत नाही म्हणून कुणी तोडली नाहीत. खाली सगळा ग्रॅनाइट, मातीत कस नाही, म्हणून झाड फार हळू वाढतं, वलयं अगदी चिकटून असतात आणि लाकडात राळ भरपूर, ते लवकर कुजत नाही. तीनशे वर्षांपूर्वी तोडून टाकलेले ओंडके अजून जंगलात चांगल्या अवस्थेत पडलेत.

जेवणाचं सांगायलाच हवं कारण निम्मे फोन त्याचेच असतात. जपानमध्ये शाकाहारी म्हणून जे दिसतं त्याच्या पाण्यातच मासा असतो, कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा दाशी, म्हणजे रस्सा. आम्ही ज्या मिन्शुकुमध्ये उतरतो, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, तिथल्या मालकीणबाईंना मी पहिल्या वर्षी यादी लिहून दिली होती, आता त्या स्वतःच कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (अळंबी) यांचा दाशी वेगळ्या पातेल्यात करतात आणि त्या पातेल्याला लाल दोरा बांधून ठेवतात, म्हणजे चुकून पळी बदलायला नको. डोंगरात जायच्या दिवशी डबा आदल्या संध्याकाळी सांगायचा आणि पहाटे चार-साडेचारला दुकानातून उचलायचा, तिथे अशी दुकानं इतक्या लवकर उघडतात! आमच्या डब्यात उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेला भाताचा गोळा, आणि बरोबर मी पुण्याहून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ, अख्खा तळलेला उडता मासा पंखांसकट ताटात येतो.

एक गोष्ट मी बुकिंगच्या आधीच स्पष्ट सांगते, जंगलात काही टाकायचं नाही म्हणजे काहीच नाही. पोर्टेबल टॉयलेटची पिशवी प्रत्येकाच्या सॅकमध्ये असते आणि वापरली तर ती पाठीवरून परत आणायची. डोंगरात जाणाऱ्यांकडून दिवसाचे 1000 येन सहकार्यनिधी म्हणून घेतात तो आम्ही पॅकेजमध्येच धरलाय.

2020 चं फार लिहीत नाही. एप्रिलच्या बॅचच्या आठही जणांचे पूर्ण पैसे घेतलेले होते, विमान कंपनीकडून पैसे यायला वर्ष लागलं, आम्ही आमची एफडी मोडून जूनपर्यंत सगळ्यांचे परत केले. मालकीणबाईंनी कॅन्सलेशनचा एक येन घेतला नाही, उलट पार्सलने तान्कान संत्र्यांचा जॅम पाठवला. त्या अडीच वर्षांत मी घरून भाषांतरं केली, नवऱ्याने दुसऱ्याची अकाउंट्स लिहिली. ऑक्टोबर 2022 ला जपान उघडलं आणि 2023 च्या एप्रिलला आम्ही परत गेलो, जुन्या आठांपैकी पाच जण त्यात होते.

मग ऑगस्ट 2024. दहा नंबरचं टायफून बेटावरून गेलं आणि दोन दिवसांनी गाईडचा लाइन ॲपवर फोटो आला, खाली एक शब्द नाही. यायोइ सुगी पडला होता. शिरातानीत प्रवेशापासून जवळच, तासाभराच्या फेरीत, सुमारे 3000 वर्षांचा, 26 मीटर उंच. ज्यांना 22 किलोमीटर जमत नाहीत त्या आमच्या सगळ्या काका-काकूंचं हे झाड होतं, 2017 पासून प्रत्येक बॅचचा ग्रुप फोटो त्याच्यासमोरचा. मी फोटो मोठा करून बघत राहिले, बुंधा मुळाच्या थोडा वर मोडलेला, आतलं लाकूड उघडं पडलेलं. जुन्या ग्रुपवर टाकला तर त्या गुडघेवाल्या काकूंचा रात्री अकराला फोन आला, बराच वेळ आम्ही दोघी काही बोललोच नाही.

आता हळू चालणाऱ्यांना आम्ही किगेन सुगीला नेतो, तोही 3000 वर्षांचा, 1230 मीटर उंचीवर, गाडीरस्त्याच्या अगदी कडेला. त्याच्या अंगावर दुसरी कितीतरी झाडंझुडपं वाढलीत, मे अखेरीला तर सिडारच्या डोक्यावर रोडोडेंड्रॉनची फुलं दिसतात.

गेल्या एप्रिलमध्ये आई आली बरोबर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, इतकी वर्षं नुसती माझी वर्णनं ऐकत होती. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा बारीक पाऊस होता आणि चांगलीच थंडी. आई झाडाकडे बघत उभी राहिली, मग मला काही न विचारता वाकली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मी म्हटलं आई अगं गारठशील, तर म्हणाली, राईत कुणी बूट घालून जातं का? मोजे पण काढले. गाईड माझ्याकडे न बघता पुढे आला, तिचे बूट उचलले, त्यात मोजे नीट घडी करून ठेवले आणि ओले होऊ नयेत म्हणून आपल्या रेनकोटच्या आत छातीशी धरून उभा राहिला, तिचं होईपर्यंत.