नाव कापलं की कापून घेतलं?

वडील १९८२ साली तोपखान्यातून घरी आले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नोकरी झाली होती अकरा वर्षं. सर्व्हिस पेन्शनला पंधरा लागतात, त्यामुळे हातात काही नाही. गावात एकच वाक्य फिरायचं, ‘नाव कापून घेऊन आला.’ म्हणजे कंटाळून, स्वतःहून. वडिलांनी ते कधी खोडून काढलं नाही. त्यांना निम्मं ऐकूच यायचं नाही. आमच्या घरी आजही सगळे मोठ्याने बोलतात ते त्यामुळेच.

ते गेल्यावर आईच्या कागदपत्रांसाठी काळी ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुकात कारणाच्या रकान्यात धड वाक्य नव्हतंच. ‘आर्मी रूल १३(३)’, पुढे रोमन तीन आणि कंसात आणखी एक छोटा रोमन आकडा. तो चार की पाच, इथेच सगळं अडलं. रोमन व्हीच्या आधी एक पुसट काडी दिसत होती. ती शाईची की कागदाच्या घडीची, कळेना. एका कार्यालयातल्या साहेबांनी चष्मा न लावताच सांगितलं, “चार आहे. स्वेच्छेने आलेत. काही मिळायचं नाही.”

मग मी १९५४ चे आर्मी रूल्स काढून बसलो. नियम १३ खाली एक तक्ता आहे. त्यातला तिसरा भाग शपथ घेतलेल्या जवानांचा. पोटक्रमांक एक म्हणजे भरतीच्या अटी पूर्ण झाल्या. दोन म्हणजे पलटणीतली मुदत संपली, पण रिझर्व्हमध्ये जागा नाही. तीन म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या अपात्र. चार म्हणजे मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून. आणि पाच म्हणजे ‘इतर सर्व’.

या पाचाची मला जास्त धास्ती वाटली. चार लाल शाईच्या, म्हणजे शिक्षेच्या, नोंदी झालेल्या जवानाला घरी पाठवतात तेही याच कलमाखाली. म्हटलं, चार असेल तर पैसे गेले आणि पाच असेल तर अब्रू.

शेजारच्या गावात तोपखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार क्लार्क आहेत. त्यांनी त्या आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “आधी मेडिकल कॅटेगरी दाखव,” म्हणाले. मागच्या पानावर इंग्रजी अक्षरांत होतं, ‘सीईई’, कंसात ‘पी’. ए, बी, सी या श्रेणी तेव्हा फौजेत ‘एवायई’, ‘बीईई’, ‘सीईई’ अशा तीन-तीन अक्षरांत लिहायचे. ‘एवायई’ म्हणजे ठणठणीत. ‘सीईई’ म्हणजे खालची श्रेणी, आणि पी म्हणजे पर्मनंट. खाली बारीक अक्षरात: ‘शेल्टर्ड अपॉइंटमेंट उपलब्ध नाही.’ म्हणजे हलकं काम देऊन ठेवून घ्यायला जागा नव्हती. वागणुकीच्या रकान्यात ‘व्हेरी गुड’. लाल शाईवाल्याला असा शेरा कोण देईल?

सुभेदार म्हणाले, त्या काळी अशा जवानांना सर्रास पाचखाली सोडायचे. खरं तर ते तीनमध्ये बसायला हवेत, आणि त्याआधी इनव्हॅलिडिंग बोर्ड, म्हणजे जवान नोकरीला अपात्र आहे का हे ठरवणारी डॉक्टरांची तपासणी, व्हायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली राजपाल सिंग यांच्या खटल्यात हेच म्हटलं आहे.

पण काडीचा निकाल लागायचाच होता. तोपखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला. आईच्या सहीने माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावली, आर्मी नंबर ठळक लिहिला. (नाव एक वेळ चुकलं तरी चालतं, नंबर नाही.) उत्तर आलं: पेन्शन नसलेल्यांचे कागद पंचवीस वर्षांनी नियमानुसार नष्ट होतात, शिल्लक आहे ती लाँग रोलमधली, म्हणजे जवानांच्या कायम जपलेल्या नोंदवहीतली, नोंद. सोबत तिची प्रत. एकच आडवी ओळ, पण टाइप केलेली. रोमन तीन, कंसात पाच. काडी नाही.

अपंगत्व पेन्शनचा अर्ज आता केला आहे. तिथे खरी अडचण पुढेच आहे: बहिरेपण वीस टक्के किंवा जास्त होतं आणि ते नोकरीमुळे आलं किंवा वाढलं, हे दाखवायचं, आणि मेडिकल बोर्डाचे कागद तर गेले.

प्रत आली त्या संध्याकाळी आई म्हणाली, वाच. ती ओळ मी तिला मराठीत करून सांगितली. तिचे कान अजून शाबूत आहेत, तरी सवयीने एवढ्या मोठ्याने वाचलं, की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.